मुलाखत सहा महिन्यांनी की आजाराच्या वळणावर?

प्रश्न : मी नर्सिंग शिकवते आणि पीएच.डी.साठी काणकोण भागातल्या डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या दोन वर्षं मुलाखती घेणार आहे. वीस रुग्ण, दर सहा महिन्यांनी एक मुलाखत, असा आराखडा केला आहे. तो पुरेल का? आणि कोणी मध्येच दगावलं तर काय करायचं?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : वीस माणसं पुरेत, उलट तुम्ही एकट्याच असाल तर जास्तच होतील. चार फेऱ्या म्हणजे ऐंशी मुलाखती. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला सहा-सात तास सहज जातात, म्हणजे नुसत्या लिहिण्यातच पाचशे तास गेले. चौदा-पंधरा जण घ्या, पण त्यांच्याकडे परत परत जा.

मला खटकतं ते सहा महिन्यांचं अंतर. आजार कॅलेंडर बघून वळत नाही. हातावर फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) करायचं ठरतं तेव्हा, पहिल्या डायलिसिसनंतर, घरात कोण मूत्रपिंड देणार हा विषय निघतो तेव्हा माणूस बदलतो. भेटी तिथे ठेवा. मधल्या काळात महिन्याला एक फोन करा, म्हणजे वळण आलेलं कळेल. एडिनबर्गच्या संशोधकांनी 2002 साली फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदय निकामी होणं यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन महिन्यांनी मुलाखती होत्या आणि घरच्या काळजी घेणाऱ्यांशीही बोलणं होतं. कर्करोगाची वाट बरीचशी ठरलेली, हृदयाची मात्र बेभरवशाची, हा फरक एकेका मुलाखतीतून हाती लागला नसता.

एक प्रश्न मात्र दर फेरीत जसाच्या तसा विचारा. डायलिसिसवरच्या बहुतेकांना पाणी मोजूनच प्यावं लागतं, म्हणून मी विचारायचे, ‘आज सकाळपासून काय काय प्यालात?’ एका बाईंनी पहिल्या भेटीत पेलाच पुढे ठेवला. पेजेतलं पाणी निथळून त्या नुसती शितं खायच्या आणि ते निथळलेलं पाणी सुनेला मोजून दाखवायच्या. वर्षभराने त्याच प्रश्नावर म्हणाल्या, ‘चवथीला माहेरी गेले नाही. तिथं सगळी आग्रह करतात, आणि नको म्हटलं की रडतात.’ पाण्याचा हिशेब नात्यांपर्यंत गेला होता, आणि ते कळलं प्रश्न तोच राहिला म्हणून.

दुसऱ्या फेरीला जाण्याआधी पहिली वाचून, टिपणं काढून झालेलीच हवी. सगळं गोळा करून शेवटी बसायचं ठरवलंत तर पुढच्या भेटीत काय विचारायचं राहिलं ते कळायला उशीर झालेला असेल. एक तक्ता करा, आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात फेरी. आडवं वाचलं की एकाचा प्रवास दिसतो, उभं वाचलं की त्या टप्प्यावर सगळ्यांचं काय चाललं होतं ते. फेरीगणिक प्रश्न बदलतील हे नीतिसमितीच्या (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) अर्जातच लिहा, आणि संमती दर भेटीत नव्याने विचारा. पहिल्या दिवशी हो म्हटलेल्याला आज नको वाटू शकतं.

गोव्यात मला सर्वांत काळजी ओळख उघडी पडण्याची वाटते. नाव बदललं तरी वाडा, धंदा आणि दुबईतला मुलगा एवढं लिहिलं की काणकोणात कोणीही माणूस ओळखेल. दोन वर्षांत असे तपशील साचत जातात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तपासा, गरज पडेल तिथे धंदा आणि गावही बदला.

आता दगावण्याबद्दल. ‘तुम्हाला बोलणं जमेनासं झालं तर घरातल्या कोणाशी बोलू?’ हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या. कोणी गेलं तर त्या व्यक्तीला भेटा, पण सुतक संपल्या संपल्या नको आणि वर्षश्राद्धाच्या आसपासही नको. गेलेल्या माणसाच्या आधीच्या मुलाखती विश्लेषणातून काढू नका. त्याचा प्रवास अर्धवट राहिलेला नसतो.

शेवटची भेट शेवटची आहे, हे त्याच्या आधीच्या भेटीत सांगा. तुमची वाट बघणारी माणसं असतील. पुढे अडचण आली तर कोणाकडे जायचं, ते नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून हातात द्या.