वहीचं पान पाठवलंत ते बरं झालं

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला. सी.ए. तुम्ही ठरवलेलं. आणि ती रात्री जागून परदेशी संग्रहालयांच्या वेबसाइटवर ‘जर्मन लोकांचे जुने दागिने’ बघत बसते, म्हणून महिनाभर लॅपटॉप कपाटात कुलूपबंद. ‘हे असले उद्योग’ म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटोही जोडलात.

ते पान मी दोनदा वाचलं. रकाने आखलेत: नोंदणी क्रमांक, कुठे सापडलं, धातू, लांबी. शेवटचा रकाना, ‘मागची बाजू दाखवली आहे का?’ सहा ब्रोचपैकी (ब्रोच म्हणजे कपड्याला लावायची नक्षीदार पिन) चारांपुढे ‘नाही’. अहो, दक्षिण जर्मनीत सापडलेल्या सहाव्या शतकातल्या कित्येक ब्रोचवर रून लिपीतली, म्हणजे तिथल्या लोकांच्या जुन्या लिपीतली, अक्षरं मागेच कोरलेली असतात. पुढच्या नक्षीवर खूश होऊन बहुतेक लोक निघून जातात. तुमची मुलगी ब्रोच उलटा करून मागते आहे. तीन पानी पत्रात ‘तिला समजवा’ पाच वेळा आलंय. ती काय शोधते हे तुम्ही तिला विचारल्याचं मात्र कुठे दिसलं नाही. लॅपटॉप आजच परत द्या.

‘यातून जर्मनीत नोकरी लागेल का?’ हा प्रश्नच चुकलाय. तुम्ही ‘जर्मन’ म्हणता ते दागिने खरं तर ‘जर्मॅनिक’. आणि जर्मॅनिक म्हणजे आजचा जर्मनी देश नव्हे; ते एका भाषाकुळाचं आणि त्या भाषा बोलणाऱ्या अनेक टोळ्यांचं नाव. १९३९ साली सटन हू इथे जहाजासकट पुरलेलं दफन सापडलं, ते इंग्लंडमध्ये. गॅलेहुसची सोन्याची शिंगं डेन्मार्कची. त्यातल्या एकावर कारागिराने ‘हे शिंग मी केलं’ असं रून अक्षरांत कोरलं होतं. त्यातला ‘होर्ना’ हा शब्द आपल्या ‘शृंग’चा, म्हणजे शिंगाचा, लांबचा भाऊ. तेव्हा हे अगदीच परकं प्रकरण नाही.

मार्ग म्हणाल तर बी.कॉम. पूर्ण करू दे, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. पैसा उशिरा येतो, जागा कमी निघतात. हे तिला स्पष्ट सांगा. सी.ए.चं मात्र विसरा. मन नसताना केलेल्या सी.ए.चे प्रयत्न किती लांबतात, ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता थोडं तिच्यासाठी. फोटोत वजन कळत नाही, पोत कळत नाही, आणि पट्टी शेजारी नसेल तर बोटाएवढी वस्तू ताटाएवढी वाटते. शिवाय गॅलेहुसची ती शिंगं १८०२ मध्ये एका सोनाराने चोरून वितळवली. आज फोटोत झळकतात त्या जुन्या चित्रांवरून घडवलेल्या प्रतिकृती. म्हणून वहीत आणखी एक रकाना आख: ‘अस्सल की प्रतिकृती?’ सहाही ब्रोचपुढे तो भर आणि पान मला पाठव. या वेळी पत्र तू लिही, बाबांनी नको.