लडाखमधल्या दगडाला चिकटून वाढणाऱ्या वनस्पती इतक्या बुटक्या का असतात? मुंबईत बाल्कनीत लावता येतील का?

तुम्ही लिहिलंय की ट्रेकमध्ये गाइडने ‘वर ऑक्सिजन कमी, म्हणून झाडं खुजी’ असं सांगितलं. आणि शेजाऱ्यांच्या बाल्कनीत ब्रह्मकमळ फुलतं, तर दगडावरचा तो हिरवा गोळा मुलुंडला का जगू नये, असं तुम्ही विचारताय.

ऑक्सिजनचं कारण साफ चूक आहे. मुंबईहून निघणाऱ्या ट्रेक ग्रुपमध्ये ते हमखास ऐकू येतं आणि मी दर वेळी वाद घालतो, तसा इथेही घालणार. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त असतो, हे खरं. पण आग्नेय तिबेटात ४,९०० मीटरवर ज्युनिपरची झाडं उभी आहेत. बोलिव्हियात साजामा पर्वताच्या उतारावर पॉलिलेपिस नावाचं झाड त्याहूनही वर जातं. उलट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला, समुद्राच्या जवळ, ऑक्सिजन भरपूर असूनही सायलीन अकॉलिस ही बुटकी वनस्पती जमिनीला चिकटूनच वाढते. आता सांगा, ऑक्सिजनचा संबंध कुठे राहिला?

मुद्दा उष्णतेचा आहे. शून्याच्या आसपासही पान थोडंफार अन्न बनवतं, पण ५ अंशांखाली नवीन पेशी तयार होणं आणि वाढणं जवळजवळ थांबतं. म्हणजे माल आहे, बांधकाम बंद. वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान साधारण ६ अंशांवर आलं की जगभर वृक्ष संपतात. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्यामुळे तो हवेइतकाच गार राहतो. जमिनीलगत वारा मंदावतो आणि दगड तापलेला असतो. दाट, बुटक्या वनस्पतीचं तापमान उन्हात हवेपेक्षा सहज १०-१५ अंशांनी जास्त भरतं. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत तिला वाढीचे तास मिळतात ते बुटकेपणामुळेच.

तुम्ही पाहिलेला गोळा बहुधा थायलॅकोस्पर्मम असणार. हाताला तो दगडासारखा कडक लागतो. बाहेर बारीक पानांच्या गुच्छांचा एकच घट्ट थर हिरवा असतो. आत वर्षानुवर्षांची मेलेली, तपकिरी पानं दाबून बसलेली असतात. ती गळून जात नाहीत, ओल धरून ठेवतात. खाली एकच जाड सोटमूळ खडकाच्या भेगेत उतरतं. लोक यावर बसून फोटो काढतात, बूट ठेवून लेस बांधतात! वरचा थर फाटला की वारा आत शिरतो, ओल उडते आणि तो भाग वाळतो. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे भोक भरायला किती काळ लागेल याचा तुम्हीच अंदाज करा. ‘खुरटी झाडं, काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे.

मुंबईत तो गोळा जगणार नाही. बी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ३-५ अंशांवर सहा-आठ आठवडे ठेवलं तर अशा थंड प्रदेशातल्या बऱ्याच जातींचं बी रुजतं. खरी अडचण त्यानंतर येते. जानेवारीतही इथली रात्र सहसा १६-१७ अंशांची, मे महिन्यात २७ ची. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं, म्हणजे दिवसा कमावलेलं अन्न रोप रात्री खर्चून टाकतं. त्यातून वाचलं तर पावसाळ्यातल्या दमट हवेत बुंध्याशी बुरशी धरते आणि गोळा आतून कुजतो. एसीच्या खोलीत ठेवाल तर ऊन पुरत नाही. आणि लडाखहून उपटून तर मुळीच आणू नका, सोटमूळ तुटतंच. शेजाऱ्यांचं ब्रह्मकमळ हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं निवडुंग आहे, त्याला मुंबईची हवा मानवते. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सह्याद्रीच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरच्या, वनस्पतीही ठेंगण्या असतात, पण थंडीमुळे नव्हे. कातळावर माती जेमतेम काही सेंटिमीटर आणि पाणी चार महिने. सीतेची आसवं ही तिथली छोटी फुलझाडं आणून खतमातीत लावाल तर मरतील, त्यांना निकस आणि सतत पाझरती जागाच लागते.

बाल्कनीत दगडी उताराचा देखावा हवा असेल तर ऑफिस टाइम (पोर्चुलाका) हे फुलझाड लावा. १५ सेंटिमीटर खोल ट्रे घ्या, तळाला भरपूर भोकं पाडा. दोन भाग कच (दगडाची बारीक खडी), एक भाग जाडी वाळू, एक भाग माती. शेणखत नको, नाहीतर फांद्या लांबतात. जांभ्याचे तुकडे तिरपे रोवून मधल्या फटीत ऑफिस टाइमच्या काड्या खोचा, वर बोटभर कच पसरा म्हणजे बुंधा कोरडा राहील. पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

एक राहिलं. लडाखमध्ये खालच्या उंचीवर कोरडेपणा आणि चराईमुळेही झाडं बुटकी राहतात, सगळं थंडीवर ढकलू नका. ऑक्सिजनचा प्रश्न मुळांना येतो खरा, पण पाणी साचलं की. तेव्हा पावसाळ्यात ट्रेखालची ताटली काढून ठेवा.