आबांची पंचाहत्तरी, रोडगे आणि ९२ हजारांचं कोटेशन

प्रश्न थोडक्यात : मी पुण्यात नोकरी करतो. हातात महिन्याला ७८ हजार येतात. घराचा हप्ता साडेसत्तावीस हजार, घरखर्च ३६ हजार, एसआयपी (फंडातली दरमहाची गुंतवणूक) ६ हजार. एप्रिलमध्ये ४० हजारांचा बोनस येतो. अडीअडचणीसाठी १ लाख ६० हजारांची एफडी ठेवली आहे. आमचं गाव दर्यापूरजवळ. वडील यंदा पंचाहत्तर पूर्ण करतात. मेच्या सुट्टीत सगळ्या भावकीला आणि माझ्या मित्रांना, मिळून ७० जणांना, शेतात जेवायला बोलवायचं आहे. आबांची इच्छा रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या गव्हाच्या गोळ्यांची. इव्हेंटवाल्याने ९२ हजार सांगितले. अ‍ॅपवर ९० हजारांचं पर्सनल लोन मंजूर दिसतंय, १८ टक्क्यांनी, १२ हप्ते. बायको म्हणते, जूनमध्ये मुलाची ४८ हजार फी आहे, हे सगळं कशाला? एफडी मोडू, की कर्ज काढू?

उत्तर : दोन्ही नको. पण जेवण घालाच.

आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्यातली बरीच मंडळी अशा वेळी तुम्हाला सांगतील, की हेच ९२ हजार फंडात टाकले तर वीस वर्षांनी अमुक लाख होतात. हिशोब बरोबर असतो, पण त्या लाखांत आबांची पंचाहत्तरी नसते. त्यामुळे तो हिशोब मी मांडत नाही.

तुम्ही सोबत पाठवलेला कोटेशनचा फोटो मात्र मी दोनदा वाचला. जेवण ३५० रुपये ताट, म्हणजे साडेचोवीस हजार. मंडप-डेकोरेशन ३० हजार. साउंड १२. फोटो आणि ड्रोन १८. कूलर साडेसात. ९२ हजारांत जवळपास तीन चतुर्थांश पैसा जेवणावर नाहीच. आणि ताटात काय? पनीर, मंचुरियन, पाणीपुरीचा काउंटर. अहो, रोडगे कुठे आहेत? ज्यासाठी एवढा घाट, तेच यादीत नाही.

आता कर्ज. ९० हजार, १८ टक्के, १२ महिने म्हणजे हप्ता साधारण ८,२५१. व्याजच ९ हजार. शिवाय असल्या कर्जांवर दोनेक टक्के प्रोसेसिंग फी असते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. ते २,१२४ रुपये आधीच कापून उरलेली रक्कम खात्यात येते. म्हणजे कागदावरचे १८ टक्के प्रत्यक्षात साडेबावीसच्या आसपास जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, त्यात हा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. अ‍ॅपवर 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायच्या आधी ते पान उघडून बघा. तुमच्याकडे महिन्याला शिल्लक राहतात साडेआठ हजार. ती सगळीच्या सगळी जूनपासून वर्षभर हप्त्यात जाईल. पुढच्या वर्षी आंबे पाडाला लागतील तेव्हाही यंदाच्या आमरसाचा हप्ता चालूच असेल.

एफडीला हात लावू नका. घरखर्च आणि हप्ता धरला तर ती रक्कम तुमच्या अडीच महिन्यांची बेगमी आहे, सहा महिन्यांची हवी. मोडली तर बँक बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कापते, पण तो मुद्दा दुय्यम. नोकरी गेल्यावर लागणारा पैसा जेवणावळीला काढायचा नाही, एवढंच.

मग खर्चाचा अंदाज मी माझा मांडतो. विदर्भात मेमध्ये दुपारचं जेवण ठेवणं म्हणजे पाहुण्यांना शिक्षा. संध्याकाळ धरा. चारच्या सुमारास गोवऱ्यांचा जगरा पेटवला, की सात-साडेसातला पंगत बसते. ऊन नसल्यामुळे मोठा मंडप नको, कूलर नको. खुर्च्या, टेबलं, लायटी ३ हजारांत होतील. गहू जाडसर दळून १५ किलो, घरचा नसेल तर ६०० रुपये. वांगी १५ किलो, तूरडाळ ५ किलो, दोन्ही मिळून दीड हजार. तुपात कंजुषी नको, रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं नाही तर आबा जेवणार नाहीत. ४ किलोचे २,८००. आंबे ४० किलो, ४ हजार. हापूसच्या नादी लागू नका, रसाला बैंगनपल्ली नि गावरान मिळून छान लागतो, आणि मेच्या मध्यावर भावही उतरलेले असतात. तेल-मसाला २ हजार, आचारी आणि हाताखालची माणसं ६ हजार, पत्रावळी-पाणी-बर्फ अडीच. बेरीज २२,४००, वरखर्च धरून २५ हजार.

रोडग्याच्या पाऱ्या लाटून एकात एक घालत बसणं हे तीन तासांचं काम आहे. तिथे चुलत्या, आत्या, भाचरं सगळी गोळा होतात. माझ्या आजोळी राख झटकून रोडगा काढायचा मान मोठ्या मामाचा होता, आणि त्यावरून दर वर्षी भांडण. त्यापुढे ड्रोन काय टिपणार?

तुमची बहीण 'आंबे माझ्याकडून' म्हणाली, असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे 'पण बरं दिसत नाही'. बरं दिसतं. तिचेही वडील आहेत. म्हणजे तुमच्या खिशातून २१ हजार, आणि तिघांची पुणे-अकोला जायची-यायची तिकिटं धरून साधारण २८.

हे कुठून आणायचे? मार्च आणि एप्रिलची शिल्लक १७ हजार. एसआयपी दोन महिने 'पॉज' करा, १२ हजार. झाले २९. एसआयपी थांबवायला सांगणारा सल्लागार विरळा, मला ठाऊक आहे, पण दोन महिन्यांचा खंड कर्जाच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त. जूनमध्ये ती परत सुरू झाली आहे ना, ते मात्र वहिनींनी तपासावं. एप्रिलचा ४० हजारांचा बोनस आणि मेची शिल्लक मिळून ४८,५०० होतात, ती फी. त्याला कोणीही हात लावायचा नाही. फीबद्दल वहिनींचंच बरोबर होतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठला बसा. मेमध्ये तत्काळच्या भरवशावर राहिलात तर हा सगळा हिशोब तिथेच फसेल. अमरावती-अकोल्याच्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, तेव्हा पाहुण्यांसाठी गाड्या ठरवायचं मनातून काढून टाका.

जगरा कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून लांब, वारा बघून, आणि पाण्याचा ड्रम शेजारी ठेवूनच. इव्हेंटवाल्याला ५ हजारांचं टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर खुर्च्या आणि लायटी त्याच्याकडूनच घ्या, आणि त्यात ते वळते करून मागा.