हापूसची कच्ची पेटी घरी आल्यावर

देवगडहून कच्च्या हापूसची पेटी मागवलीत, पण घरी अढी, म्हणजे पेंढ्यात मांडून आंबे पिकवणं, कधी घातलेली नाही आणि निम्मे आंबे वाया जातील अशी धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. धास्ती सोडा. कच्ची पेटी घेतलीत हे फार चांगलं केलंत. हापूसचा खरा वास घरात सावकाश पिकलेल्या फळालाच येतो.

पेटी आली की त्याच दिवशी उघडा आणि एकेक फळ हातात घेऊन बघा. चेचलेली, देठाशी काळी पडलेली आधी बाजूला काढा, त्यांचं पन्हं करा. तयार फळाचे खांदे देठाच्या दोन्ही अंगांनी भरून वर आलेले असतात आणि देठ मधल्या खळग्यात बसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं. शंका आली तर बादलीभर पाण्यात सोडा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. कोवळं फळ पिकताना नुसतं सुरकुततं, आंबटपणा काही जात नाही. त्याचं लोणचं किंवा आंबेडाळ करा. पाण्यातून काढलेली फळं मात्र कोरडी पुसूनच अढीत ठेवा. देठाचा चीक हाताला, ओठाला लागू देऊ नका, खाज सुटते.

अढीसाठी हवेशीर खोली, खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एकच थर आणि वर पुन्हा पातळ पेंढा. पेंढा नसेल तर वर्तमानपत्रं चालतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, घाम धरून फळ कुजतं. साधारण आठ-दहा दिवस लागतात, उकाडा जास्त असेल तर कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज अढी चाळा, कारण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची फळंही भराभर पिकायला लागतात. सगळी एकदम नको असतील तर पिकलेलं लगेच वेगळं काढा. चार पाहुणे यायचे असतील तर तेच मुद्दाम कच्च्यांत राहू द्या.

पिकलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, देठाशी नाक नेऊन ठरवा. अंगठ्याने दाबायची सवय वाईट, तिथेच दोन दिवसांनी काळा डाग पडतो. तळव्यात धरून हलकेच अंदाज घ्या. बाहेरून एकसारखं पिवळंधमक, पण वास नाही आणि आत गर पांढरट, कडक, असा आंबा बाजारात दिसला तर तो घेऊ नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ते प्रकार चालतात. इथिलीन वायू सोडून फळं पिकवायची नियमात बसणारी खोली वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही.

साक्याबद्दलही सांगतो, कारण तो निघाला की लोक विक्रेत्याला धारेवर धरतात. आत गराचा एखादा भाग पांढरट, स्पंजासारखा, आंबट निघतो, तो साका. बाहेरून तो ओळखता येत नाही. फळ झाडावर फार जून झालं की साका वाढतो, म्हणून जाणकार बागायतदार चौदा आणे तयार झाल्यावरच, म्हणजे सोळा आणे पूर्ण तयार व्हायला थोडं बाकी असताना, आंबा उतरवतात. तेवढा भाग कापून टाका, बाकीचा आंबा खुशाल खा.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळवंडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. पिकलेला मात्र भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस राहतो. खाण्याआधी बाहेर काढून ठेवा, गारठलेल्या आंब्याला वास राहत नाही. कापण्याआधी तासभर पाण्यात ठेवा.

हापूसच्या फोडीच कराव्यात असं माझं ठाम मत आहे. रसाला पायरी उत्तम, ती पातळ आणि रसाळ. हापूसचाच रस हवा असेल तर हाताने पिळा आणि दूध न घालता थोडं मीठ आणि वर चमचाभर साजूक तूप घेऊन बघा. उरलेला गर काहीच न मिसळता डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका, पावसाळ्यात काढता येईल.

पुढच्या वर्षी पेटी घेताना भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ठरलेल्या भागातच पिकल्याची, खूण विचारा. २०१८ साली हापूसला ते मिळालं, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतंच आहे. कर्नाटकातलाही आंबा हापूस म्हणून इथे विकला जातो. तो वाईट नसतो, पण कोकणच्या दराने घेऊ नका.