वाचक विचारतात : संस्थेची गरज आणि विद्यार्थिनीचा लघुप्रबंध

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करीत असून तिसरे सत्र नुकतेच सुरू झाले आहे. पलूस तालुक्यातील एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेने ‘सभासदांच्या क्षारपड जमिनीवर उपाय सुचवा, त्यावरच लघुप्रबंध करा, लागेल ती माहिती आम्ही देऊ’ असे सुचवले आहे. मार्गदर्शकांना विषय अवाढव्य वाटतो. मला धास्ती वेगळीच आहे : निष्कर्ष संस्थेला रुचले नाहीत, तर माझ्या कामाचे काय होईल?
– एक विद्यार्थिनी, जि. सांगली

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे खरे आहे, पण म्हणून विषय सोडण्याचे कारण नाही. ‘उपाय सुचवा’ ही संस्थेची गरज झाली. तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. दोन सत्रांत एकटीला तपासता येईल आणि ज्याच्या उत्तरावरून संस्थेला काही ठरवता येईल, एवढाच तुकडा त्या गरजेतून कापून घ्यावा लागतो. रान पांढरे पडले की जिप्समची पोती आणून विसकटायची, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. वास्तविक जिप्सम उपयोगी पडते ते चोपण जमिनीला, म्हणजे जिचा सामू (पीएच) ८.५ च्या वर आहे आणि जिच्यात मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे तिला. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) प्रतिमीटर ४ डेसीसायमनच्या पुढे गेलेली असली तरी सोडियम मर्यादेत असते. तिथे विरघळलेले क्षार गोड्या पाण्याने धुऊन काढणे आणि त्या पाण्याला निचऱ्याची वाट करून देणे हाच इलाज. तेव्हा ‘एका पाटाखालच्या ३० शेतांपैकी चोपण किती आणि क्षारयुक्त किती’ एवढा प्रश्न घेतलात तरी पुष्कळ झाले. जिप्समचा खर्च कोणाचा वाया जातो आणि जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकण्याचे काम कुठे आधी घ्यावे, हे त्यावरून संचालक मंडळाला ठरवता येईल.

खरी अडचण येते ती हंगामाची. पावसाच्या पाण्याबरोबर क्षार खाली उतरतात आणि उन्हाळ्यात जमिनीतला ओलावा वर ओढला जाऊन उडून गेला की तेच क्षार पृष्ठभागावर फुटतात. त्यामुळे एकाच बांधाशेजारून ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये काढलेले नमुने दोन निराळ्या रानांचे वाटावेत इतके वेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक शेतात दोनदा जा, गिरमिटाने ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरपर्यंतच्या थरांची माती वेगवेगळी काढा आणि वरचा पांढरा पापुद्रा तीत मिसळू न देता स्वतंत्र पिशवीत भरा. पापुद्रे सोडून हे १८० नमुने होतात. ‘लागेल ती माहिती देऊ’ म्हणणारी संस्था त्यांच्या तपासणीचा खर्च देणार का, हे आजच विचारा. या प्रश्नावर बऱ्याच आश्वासनांचा आवाज बारीक होतो.

आता तुमच्या धास्तीविषयी. मी मार्गदर्शक असताना एका कारखान्याने सांडपाण्याची आकडेवारी मोठ्या उत्साहाने दिली आणि लघुप्रबंध बांधणीला जाण्याच्या पंधरा दिवस आधी ‘आमचे आकडे छापू नका’ असा निरोप धाडला. कागदावर काहीच नव्हते. त्या विद्यार्थ्याने दोन प्रकरणे पुन्हा लिहिली. चूक माझीही होती. तेव्हा महाविद्यालय, संस्था आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांचे एक पानी सामंजस्यपत्र काम सुरू होण्यापूर्वीच करा. मसुदा वाचून तथ्यातील चुका दाखवण्यासाठी संस्थेला एक महिना मिळेल, निष्कर्ष बदलण्याचा अधिकार मात्र तिला नसेल, हे वाक्य त्यात याच शब्दांत असावे. लेखनाच्या मालकीची चिंता नको : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला हक्क लेखकाचा असतो, नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन हा त्याला मोठा अपवाद आहे, आणि तुम्ही संस्थेच्या नोकरीत नाही. चिंता करायची तर शेतकऱ्यांची करा. तक्त्यात गट क्रमांक छापला की कोणीही ऑनलाइन सातबारा काढून मालकाचे नाव वाचू शकतो आणि ‘चोपण’ असा शिक्का बसलेल्या रानाला उद्या गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. शेतांना १ ते ३० असे सांकेतिक क्रमांक द्या. मूळ यादी मार्गदर्शकांच्या कपाटात राहू द्या.

प्रश्न : जावळी तालुक्यात आमचा महिला बचत गटांचा संघ आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या झऱ्यांवर प्रकल्प करण्यासाठी दोन वर्षे विद्यार्थी आले, प्रश्नावल्या भरून घेऊन गेले, पुन्हा कोणी फिरकले नाही. तिसऱ्या वर्षी नकार द्यावा का?
– संघाच्या सचिव, जि. सातारा

उत्तर : नकार देऊ नका, अट घाला. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकापासून काही विद्यापीठांनी ‘सायन्स शॉप’ नावाची केंद्रे चालवली. तेथे नागरिकांच्या संघटना आपला प्रश्न घेऊन जात आणि त्याला जोडून विद्यार्थी शोधला जाई. प्रश्न कोणी आणला, यावर पुढचे बरेच काही ठरते. आपल्याकडे २०१४ पासूनच्या उन्नत भारत अभियानात महाविद्यालये गावे दत्तक घेतात. तुमचे गाव त्यात आहे का, ते विचारून पाहा. नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स करणाऱ्यांना १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागतो, त्यामुळे तुमच्या दारी येणारे विद्यार्थी यापुढे वाढतीलच.

अट अशी की, निष्कर्ष दोन पानांत मराठीत लिहून ते गावच्या बैठकीत वाचून दाखवल्यावरच काम पूर्ण झाल्याचे पत्र संघ देईल. दुसरे म्हणजे, मोजणी विद्यार्थ्यांवर सोपवू नका. झरा सर्वांत बारीक होतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि नेमके तेव्हा ते परीक्षेत किंवा सुट्टीवर असतात. दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरायची, ती भरायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर पाहायचे आणि तारखेसह वहीत लिहायचे, दर पंधरवड्याला, शक्यतो त्याच वेळी. हे तुमच्या गटातील कोणीही करील. दोन पावसाळ्यांच्या नोंदी असलेली वही पुढे केलीत, की येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही आणि वही संघाकडेच राहील. विद्यार्थ्याला तिच्या छायाप्रती द्या.