सेरेब्रल पाल्सी असलेला माझा ३ वर्षांचा मुलगा रात्री सारखा रडत उठतो. झोपेचं औषध सुरू करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा रात्री चार-पाच वेळा उठतो, घरचे म्हणतात तुम्ही लगेच उचलता म्हणून त्याला सवय लागली, आणि आता औषध द्यावं का असा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. गोव्यात डिचोलीत राहते. माझी मुलगी आता ९ वर्षांची आहे, तिलाही सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी आहे, चारही हातापायांत कडकपणा असलेली. ती दोनाची पाच होईपर्यंत आमच्या घरात कोणी सलग तीन तास झोपल्याचं मला आठवत नाही. म्हणून सांगते, औषधाचं नंतर बघा. तो उठतो कशाने, ते आधी शोधा. सीपीच्या मुलांच्या तुटक झोपेमागे पाच-सहा निरनिराळी कारणं असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सवयीचं आम्हीही खरं मानलं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून तीन रात्री तिला रडू दिलं. तिसऱ्या रात्री गप्प झाली, म्हणून आत जाऊन बघते तर टक्क जागी, घामाने भिजलेली, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर बांबोळीच्या हॉस्पिटलात थेरपीसाठी गेलो होतो, तेव्हा फिजिओ मॅडमनी सहज विचारलं, “तुम्ही स्वतः रात्रीतून किती वेळा कूस बदलता?” मी म्हटलं, काय माहीत. “माहीत नसणारच, झोपेतच बदलता. हिला बदलता येते?” नव्हती येत. अंग अवघडलं की आपण वळतो आणि पुन्हा झोपतो. तिला वळायचं असलं की कोणाला तरी बोलवावं लागायचं, आणि बोलता येत नसल्यामुळे ती रडायची.

त्या दिवसापासून आम्ही झोपायला जायच्या आधी, साधारण अकराला, तिला झोपेतच कुशीवर वळवायला लागलो. पाठीला टॉवेलची घट्ट गुंडाळी, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली गोधडी, म्हणजे पाय कात्रीत जात नाहीत. पुन्हा दोनच्या सुमारास नवरा वळवायचा. ती रडायच्या आधीच हे करायचं. तुमच्या मुलासाठी कुठली बाजू, कुठे आधार, हे मात्र फिजिओकडून प्रत्यक्ष बघून घ्या. तोंडाजवळ सैल उशी किंवा चादर नको; ज्याला मान फिरवता येत नाही त्याला ती बाजूला करता येणार नाही. झोपेसाठी म्हणून खास गाद्या आणि आधारांचे महागडे सेट विकतात, त्यावर लगेच पैसे घालू नका. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची सीपीच्या मुलांसाठी २०१७ची मार्गदर्शिका आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की केवळ झोपेच्या तक्रारीसाठी असले सेट वापरू नयेत.

याने निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी मी एक वही केली. उठण्याची वेळ, रडणं कसं, कशाने शांत झाली, त्या दिवशी शी झाली की नाही, एवढंच लिहायचं. आठ-दहा रात्रींतच चित्र दिसायला लागलं. झोपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती खोकत, पाठीची कमान करत उठायची. हा दोष माझाच होता. साडेआठला पेज भरवून वर नऊला आडवी ठेवूनच दूध पाजायचे, पोट भरलं की झोपेल म्हणून. ते सगळं परत घशाशी यायचं. सीपीच्या मुलांत हे फार असतं. मग जेवण सातला आणलं, दूध बसवून द्यायला लागले आणि तासभर तरी आडवं करणं बंद केलं. ज्या दिवशी शी व्हायची नाही त्या रात्री पहाटे पोट धरून रडायची. हालचाल कमी, पाणी कमी पोटात जातं, त्यामुळे शी खडा होते. डॉक्टरांनी ती मऊ करणारी पावडर दिली आणि ते रडणं आठवड्यात थांबलं. इतक्या साध्या गोष्टीला आम्ही दीड वर्ष ‘बाहेरचं काहीतरी’ समजत होतो.

सासूबाई तर रोज दिवेलागणीला मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढायच्या. आधी मी चिडायचे. नंतर लक्षात आलं, दिवा, शुभंकरोती, दृष्ट, मग अंग पुसून मालिश, दिवे मंद, हा क्रम रोज त्याच वेळी होतोय आणि पोरगी त्यावरून रात्र ओळखायला लागली आहे. मग मी गप्प बसले. मिरच्यांचा धूर तेवढा खोलीबाहेर करायला लावला. हा क्रम किती महत्त्वाचा ते गणेश चवथीला कळतं. सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी पाच दिवस घुमट-आरत्या, जागरणं, पाहुणे. परत आल्यावर तिची घडी बसायला दहा-बारा दिवस लागतात. तरी जातोच आम्ही. आणि पावसात वीज गेली, पंखा थांबला की घामाने तिचा कडकपणा वाढतो, म्हणून टीव्ही जुनाच ठेवून आधी इन्व्हर्टर घेतला.

आता खुब्याबद्दल, कारण यात आम्ही उशीर केला. कुशीवर वळवूनही ती रात्री दोन-तीनला किंचाळून उठायची, आणि दिवसा डायपर बदलताना पाय फाकवले की तेच किंचाळणं. मला ते जोडता आलं नाही. सीपीत मांडीचे स्नायू सतत ओढत राहिल्याने मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून हळूहळू बाहेर सरकतं. सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून एक्स-रेशिवाय कळत नाही. मूल किती हालचाल करू शकतं त्यावरून डॉक्टर १ ते ५ अशा पायऱ्या ठरवतात. पहिल्या पायरीवरच्या, म्हणजे चालणाऱ्या मुलांत हा धोका जवळपास नसतो, आणि मानही न सावरणाऱ्या पाचव्या पायरीवरच्या मुलांत तो ९० टक्क्यांपर्यंत जातो. हाडाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग खोबणीबाहेर असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. आमचा आकडा ३८ निघाला. पुढे ऑपरेशन झालं. तुमच्या मुलाचा खुब्याचा एक्स-रे झालेला नसेल तर पुढच्या भेटीत स्वतःहून मागा. तीन वर्षांचं वय त्यासाठी लहान नाही.

दोन गोष्टींसाठी मात्र वही भरेपर्यंत थांबू नका. एक, तो मोठ्याने घोरतो का, मध्येच श्वास अडकून मग धाप टाकतो का, मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपतो का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याने किंवा घशाचे स्नायू सैल असल्याने श्वास अडत असू शकतो. दुसरं, उठणं दर वेळी अगदी एकसारखं असतं का, म्हणजे डोळे एकाच बाजूला, तोच हात झटकणं, मिनिटभर हाकेला प्रतिसाद नाही? तो झोपेतला झटका, म्हणजे फिट असू शकते. दोन्हींसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. मी पाच मिनिटं तोंडी सांगून जे समजावू शकले नव्हते ते वीस सेकंदांच्या व्हिडिओने त्यांना समजलं होतं.

आता तुमचं औषध. एका दवाखान्यात आम्हाला सर्दीचं गुंगी आणणारं सिरप ‘रोज रात्री द्या’ म्हणून मिळालं होतं. झोपली खरी, पण लाळ गिळेना, घशात घरघर, आणि सकाळी थेरपीला मान टाकून बसायची. ज्या मुलाचा श्वास आधीच अडतो त्याला असं औषध धोक्याचं आहे. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेचा क्रमही हाच आहे: आधी बरी होण्यासारखी कारणं शोधा, झोपेचं वेळापत्रक बसवा, मग मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, औषध म्हणून) देऊन बघा, गुंगीची औषधं रोज द्यायची तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. मेलाटोनिन आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन महिने दिलं. झोप लागायला दीड तास लागायचा तो अर्ध्यावर आला, पण मधलं उठणं तसंच राहिलं, कारण ते खुब्याचं दुखणं होतं. नजर कमी असलेल्या मुलांत दिवस-रात्रीचा घोळ असतो, तिथे त्याचा उपयोग जास्त होतो असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. तो फिटचं किंवा कडकपणाचं औषध घेत असेल तर त्याची वेळ पुढेमागे करून फरक पडतो का हेही विचारा. पण कडकपणाचं बॅक्लोफेन हे औषध असेल तर मनाने एकही डोस बंद करू नका, अचानक थांबवलं तर झटके येऊ शकतात.

तुमच्या झोपेचंही बघा. आम्ही रात्र वाटून घेतली होती, दोनपर्यंत मी, नंतर नवरा, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. पहिला आठवडा मला दाराआडूनही सगळं ऐकू यायचं.

एक विचारायचं राहिलं. तो रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ ठेवणारा कडक आधार, घालून झोपतो का? घालत असेल तर आज काढल्यावर टाच आणि घोट्यावर बघा. लाल खूण वीस-पंचवीस मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट लहान झालीय. आमची एकदा तशी झाली होती आणि आम्ही महिनाभर तिच्या दातांना दोष देत होतो.