मुलगी सातवीनंतर तालुक्याच्या हायस्कूलला जाणार, पण फार घाबरली आहे. मे महिन्यात क्लास लावू का?

भाऊ, क्लास लावू नका. मी पारोळा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवीची वर्गशिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून येणाऱ्या मुलांना अभ्यासाची भीती क्वचितच असते.

जूनमध्ये मी नव्या मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेते: इथे काय करायचंय आणि धास्ती कशाची वाटते. करायचंय ते मोठं असतं. प्रयोगशाळा, कबड्डीची टीम, मोठं मैदान. एकाने विचारलं होतं, सांगाडा खरा आहे का? धास्ती मात्र बारीकसारीक. ‘माले बसमा जागा भेटी का?’ मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसू? आणि मुलींच्या कितीतरी चिठ्ठ्यांत, बाथरूमला कडी आहे का? हे घरी कोणी विचारतच नाही. तिच्या आईला विचारायला सांगा. पाळीचं वय आहे, आणि कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

म्हणून उन्हाळी सुट्टी लागायच्या आत, शाळा भरलेली असताना, तिला एकदा घेऊन या. ज्या एसटीने ती रोज येणार त्याच एसटीने. वर्ग, पाण्याचा नळ, बाथरूम तिला स्वतः बघू द्या. कडी तुटलेली असेल तर मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे सांगा. प्रवेश घेतानाच गावातल्या एका मैत्रिणीसोबत एकच तुकडी मागा. वेळेत सांगितलं तर बहुधा जमतं.

खर्चाची काळजी तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नका, मुलं ते ऐकून गप्प होतात. खेड्यातून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे, त्याचा फॉर्म शाळेत मागा. आठवीतच एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

घरी अहिराणी बोलत असाल तर तिला मुद्दाम ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकू नका. हसतील या भीतीने मुलं उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. मी तर पहिले काही दिवस वर्गात अहिराणीतच बोलते.

पोळ्यापर्यंत बहुतेक मुलं रुळतात. त्यानंतरही रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखायला लागलं, तर वर्गशिक्षकांना भेटा, पण तिच्यासमोर नको.